पाचवे शील आणि घरातील रुग्ण

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत मद्य न घेण्याची प्रतिज्ञा आहे. पाचवे शीलही तेच सांगते. म्हणूनच पिणाऱ्याला शीलभ्रष्ट ठरवणे आपल्याला सोपे जाते आणि त्याचे घर ही गोष्ट लपवू लागते. वसतिगृहातील मुलांच्या अबोलपणात आम्ही ते लपवणे पुष्कळदा वाचले आहे.

शीलाने मन घडते; व्यसन जडलेल्या शरीराला मात्र औषधही लागते. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने भीमजयंतीला शपथ घेऊन दारू एकाएकी तोडली, तर पुढील दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, भास होणे, झटके येणे संभवते. क्वचित प्राणही जातो. काही घरांत याला बाहेरची बाधा समजतात, हे धम्माच्या अनुयायांना शोभत नाही. शपथ अवश्य घ्यावी, पण डॉक्टरांना गाठून.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने सुरू झालेले मुक्तांगण कुटुंबीयांनाही उपचारात सामील करून घेते. बरा झालेला माणूस पुन्हा घसरला, तर पुन्हा उपचार घ्यावेत, टोमणे नकोत. टेली-मानसच्या १४४१६ या विनामूल्य शासकीय क्रमांकावर मराठीतून बोलता येते. पिणाऱ्याने नकार दिला, तरी त्याच्या पत्नीने स्वतःच्या उडालेल्या झोपेसाठी तेथे फोन करावा.