बँकॉकच्या गर्दीपासून दूर

प्रश्न : बँकॉकला आई-बाबांसोबत जातोय. एका दिवसात पाहून येण्यासारखं शांत ठिकाण सुचवाल?

उत्तर : फेचबुरी. बँकॉकच्या नैर्ऋत्येला साधारण सव्वाशे किलोमीटर. रेल्वेही जाते, पण ज्येष्ठांसाठी गाडीच बरी. सकाळी लवकर निघा, कारण खाओ लुआंगची गुहा दुपारआधीच पाहावी. छताच्या भगदाडातून उन्हाचा झोत थेट बुद्धमूर्तींवर उतरतो. त्यासाठी एवढा प्रवास नक्की करावा. पायऱ्या मात्र उंच आहेत, आईबाबांना हात द्या. मग खाओ वांग टेकडीवरचा, राजा मोंगकुटने १८५९च्या सुमारास बांधवलेला राजवाडा. वर रुळांवरची केबलकार जाते. माकडं धीट आहेत, खाऊ हातात नको. अंडं चालत असेल तर नारळाचं दूध आणि ताडगूळ घातलेलं ‘खनोम मो केंग’ खाच!