पुढे लांब, मागे आखूड

प्रश्न : चांदे (ता. मुळशी) येथील एक वाचक रोज स्कूटरवरून हिंजवडीला कामाला जातात. केस लाटदार, खांद्यापर्यंतचे. अँगल्ड बॉब करावासा वाटतो. पण चेहरा गोल, त्यात हेल्मेट. जमेल का?

उत्तर : खुशाल करावा. या कटमध्ये मानेवरचे केस आखूड असतात आणि हनुवटीकडे येताना लांबी वाढत जाते. लंडनच्या विडाल ससून या केशरचनाकाराने 1963 मध्ये अभिनेत्री नॅन्सी क्वानचे लांबसडक केस कापून असाच बॉब केला, तो ‘व्होग’मध्ये झळकला आणि जगभर पोचला.

गोल चेहऱ्याला पुढची टोकं हनुवटीच्या दोन बोटं खाली हवीत. बरोबर हनुवटीशी संपली, तर गाल आणखी भरलेले दिसतात. लाटदार केस वाळले की वर चढतात, म्हणून ओले असताना लांबी थोडी जास्तच ठेवायला सांगावी. शेवटचा आकार कोरड्या केसांवर. पार्लरमध्ये दाखवायचा फोटो बाजूने काढलेला असावा. समोरून कोन कळतच नाही!

ओल्या केसांवर हेल्मेट घालू नये. केस दबलेल्या आकारातच वाळतात. ऑफिसात पोचल्यावर मुळांशी जरा पाणी लावून, मान खाली घालून बोटं फिरवली की पुरे. मुळशीच्या पावसात मात्र स्ट्रेटनरचा खटाटोप व्यर्थ. लाट राहू द्यावी, टोकांना सिरमचे दोन थेंब लावावेत.

मागचा भाग दर 6 ते 8 आठवड्यांनी कापून घ्यावा लागतो. तेवढी सवड नसेल, तर खांद्याला टेकणारा सरळ कटच बरा.