पेठेतलं घर घेण्याआधी

शिवाजी पेठ, कोल्हापूर

चि. सोनूस आत्याचे अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन झाल्यापासून मनात तेच घोळतंय. तुम्ही दोघं पुणं सोडून इकडे येणार, दादा-वहिनींना जवळ ठेवणार, हे ऐकून किती बरं वाटलं ते फोनवर नीट सांगता आलं नाही. घराचं मात्र तू फार घाईने बोललीस. घाईत घेतलेल्या घरांच्या फायली मी बँकेच्या कर्जखात्यात एकतीस वर्षं हाताळल्या आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते. जावईबापूंनाही वाचायला दे.

तू दोन जागा सांगितल्यास. एक पाचगावच्या पुढे नव्या स्कीममधला फ्लॅट: लिफ्ट, पार्किंग, क्लब हाऊस सगळं असलेला. दुसरी आपल्याच पेठेत, जुन्या वाड्याचा निम्मा हिस्सा, तळमजला. तू विचारलंस, "आत्या, तू काय केलं असतंस?" मी पेठेतच राहिले असते. पण तू सांगितलेल्या वाड्याला आज एक रुपयाही विसार दिला नसता.

आधी पेठ का, ते सांगते. दादा आता चौऱ्याहत्तरचा. अजून रोज पहाटे किटली घेऊन गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर जातो. म्हशी रस्त्याकडेला बांधलेल्या, समोर धार काढतात, फेसासकट दूध किटलीत पडतं. हे काम दहा मिनिटांचं, पण दादा तासाने परततो. वाटेत तालमीच्या पायरीवर बसतो, फुटबॉलवर वाद घालतो, पेपर चाळतो, कुणाच्या नातवाला नोकरी लागली ते ऐकून येतो. नंतर वहिनी अंबाबाईला जाऊन येते आणि येताना कपिलतीर्थातून भाजी आणते. डॉक्टर, बँक, पिठाची गिरणी, शिंपी, सगळं पायाखाली. याच दोघांना पाचगावच्या पुढे सातव्या मजल्यावर नेऊन ठेवलंस, तर कोथिंबिरीच्या जुडीसाठीही त्यांना तुमच्या गाडीची वाट बघावी लागेल. तुम्ही सकाळी नऊला बाहेर पडणार आणि रात्री आठला येणार. आमच्या यांच्या चुलतभावाचं असंच झालं. घर सुंदर आहे, गॅलरीतून डोंगर दिसतो, आणि ते दिवसभर त्या गॅलरीत बसून असतात. गेल्या दिवाळीला मला म्हणाले, "इथं मला नावाने कुणी हाक मारत नाही." ते शब्द अजून मनातून जात नाहीत.

शहराबाहेर घ्यायचंच झालं तर क्लब हाऊस बघू नकोस, पाणी कुठून येतं ते विचार. कोल्हापूरची महापालिका 1972 साली झाली, आणि त्यानंतर कित्येक दशकं शहराची हद्द तसूभरही वाढली नाही. घरं मात्र हद्दीबाहेर वाढत गेली. पाचगाव, मोरेवाडी, उचगाव या गावांत शहरासारखी वस्ती झाली, पण त्या मापाची गटारं नि नळ झाले नाहीत. 2017 साली बेचाळीस गावांसाठी प्राधिकरण नेमलं तरी हा प्रश्न पुरता सुटला नाही. बिल्डर "बोअरला भरपूर पाणी आहे" म्हणेल. तू एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात जा आणि शेजारच्या इमारतीतल्या बाईला विचार.

आता पेठेचे त्रासही लपवत नाही. आमच्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला कोपऱ्यापर्यंत मागे जावं लागतं. दोन वर्षांपूर्वी समोरच्या काकूंना रात्री छातीत दुखायला लागलं. अ‍ॅम्ब्युलन्स आत येईना, तेव्हा तालमीच्या पोरांनी त्यांना खुर्चीसकट उचलून रस्त्यापर्यंत नेलं. त्या वाचल्या. पोरं होती म्हणून वाचल्या. म्हणून घर बघायला येशील तेव्हा मोजपट्टी आण आणि घराच्या आधी गल्ली मोज. सगळ्यात अरुंद जागी मोज, तोंडाशी नको. गणपतीत साउंडच्या भिंती लागतात तेव्हा दारं-खिडक्या थरथरतात. नवरात्रात भाविकांच्या गर्दीने महाद्वार रोडकडचे रस्ते बंद होतात आणि चारचाकी चार-पाच दिवस लांब कुठेतरी लावावी लागते. जावईबापूंना गाडी दारातच लागत असेल तर त्यांनी आत्ताच तसं सांगावं. पेठेत राहून रोज पार्किंगवरून चिडणारी माणसं मी पाहिली आहेत, ती सुखी होत नाहीत.

पुराचं म्हणशील तर पेठ म्हणजे नदी आणि नदी म्हणजे पूर, असं पुण्यात कुणी सांगितलं असेल तर ते अर्धवट आहे. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. 39 फूट इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. जुन्या गावठाणाचा बराच भाग उंचवट्यावर असल्याने आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही, पण शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत, दुधाळीत, सुतारवाड्यात, व्हीनस कॉर्नरला, इतकंच काय नागाळा पार्कच्या चांगल्या चांगल्या बंगल्यांतही पाणी शिरलं. तेव्हा नुसत्या भागाच्या नावावर जाऊ नकोस. पाटबंधारे खात्याने आखलेल्या दोन पूररेषा आहेत. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कोणतीही जागा घे, ती या रेषांच्या कुठल्या बाजूला पडते ते महापालिकेच्या नकाशावर बोट ठेवून बघ. आणि 2019 मध्ये आम्ही कोरडे राहिलो तरी नळ मात्र कोरडेच होते, कारण शिंगणापूरचं उपसा केंद्र पाण्याखाली गेलं होतं. चहूकडे पूर, आणि मी टँकरपुढे घागर घेऊन उभी. आता काळम्मावाडीची थेट पाइपलाइन आली आहे. तरीही तळमजल्यावर पाण्याची मोठी टाकी कुठे बसेल ते बघून ठेव.

यापुढचं मात्र दोनदा वाच. पेठेत फसवते ती मालकी. भिंती तर आपण डोळ्यांनी बघतो, कारागिराला दाखवतो, तुळईला वाळवी आहे का ते टोकरून बघतो. कागदांतली वाळवी दिसत नाही.

आम्ही हे घर 1994 साली घेतलं. विकणारे तीन भाऊ. तिघांच्या सह्या झाल्या, खरेदीखत झालं, पेढे वाटले. आठ महिन्यांनी कोर्टाची नोटीस आली. त्यांची एक बहीण निपाणीला दिलेली होती. घर वडिलांच्या नावावरचं, म्हणजे तीही वारस, पण तिची सही कुणी घेतलीच नव्हती. भाऊ म्हणाले, "ती हक्क सोडणारच होती." दावा सात वर्षं चालला. मनाई हुकूम होता, त्यामुळे कौलं उतरवून छप्पर नीट करता येईना. सात पावसाळे मी माजघरात पातेली मांडून काढले. तुझा आतेभाऊ त्या पातेल्यांच्या टपटपीतच दहावीचा अभ्यास करायचा. शेवटी तडजोड झाली तेव्हा ती बाई स्वतः आली. आधी म्हणाली, मला मागची खोली बघायचीय, तिथं माझा जन्म झाला. तिथे थोडा वेळ उभी राहिली आणि मग बाहेर येऊन सही केली. आम्ही तिच्या हिश्श्याचे पैसे दिले. तिची काहीच चूक नव्हती. भावांनी तिला मोजलं नव्हतं, आणि रोज दुसऱ्यांचे कागद तपासणाऱ्या मीही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून कायदा आणखी स्पष्ट झाला आहे. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्माने हक्क मिळाला, आणि ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी 2005 साली वडील हयात असण्याची गरज नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर नोंदवलेली वाटणी असेल तर गोष्ट वेगळी. तुला सांगितलेल्या वाड्याची वंशावळ मी तोंडी विचारली. चार भाऊ, तीन बहिणी, त्यांतले दोघे वारलेले, त्यांची मुलं बेळगाव, मुंबई नि दुबईत. नोंदवलेलं वाटणीपत्र नाही. म्हणजे "निम्मा हिस्सा" हे त्यांच्या बोलण्यातलं माप आहे, कागदावर तो कुठेच नाही. सगळ्या वारसांनी खरेदीखतावर सह्या केल्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्रं दिली, तरच पुढे बोल. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरीपुढे केलेलं काही दाखवतील, तर घरी निघून ये.

सिटी सर्व्हेतून प्रॉपर्टी कार्ड स्वतः काढून आण, त्यांनी दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नकोस. त्यावर नाव कुणाचं, शेवटचा फेरफार कधीचा, बोजा कुठला, आणि सत्ताप्रकार कोणता ते बघ. सत्ताप्रकार 'ब' दिसला तर तिथेच थांब आणि शासनाचा हक्क किती शिल्लक आहे, विक्रीला कुणाची परवानगी लागते, हे वकिलाकडून लेखी घे. जागा देवस्थानची नाही ना, हेही आपल्या गावात विचारावंच लागतं. तीस वर्षांचा सर्च घे. सामाईक भिंत कुणाची, शेजाऱ्याचं सांडपाणी तुमच्या चौकातून जातं का, विहिरीवर कुणाचा हक्क, मागच्या दाराची वाट कागदावर आहे की नुसती वहिवाटीची, हे सगळं खरेदीखतात शब्दांत आलं पाहिजे. रस्त्याकडच्या खोलीत जुना भाडेकरू दुकान चालवत असेल तर वाडा विकला म्हणून तो उठत नाही. भाडे नियंत्रण कायदा त्याच्या बाजूने आहे. तुम्ही त्याचे नवे मालक व्हाल, इतकंच.

वाडा पाडून बांधलेल्या अपार्टमेंटमधला फ्लॅट घ्यावा का, असंही तुझ्या मनात येईल. घ्यायला हरकत नाही. पण पेठेतले प्लॉट लहान. 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरची किंवा आठ फ्लॅटपर्यंतची स्कीम रेराच्या सक्तीच्या नोंदणीत येत नाही, म्हणून इथल्या बऱ्याच इमारती रेराच्या संकेतस्थळावर सापडणार नाहीत. जी चौकशी तिथे सरकार करतं, ती इथे तुला करायची आहे. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र माग, मंजूर नकाशात जिथे पार्किंग आहे तिथे गाळे काढलेत का ते बघ, आणि कार्पेट एरिया स्वतः मोज.

पैशाचं थोडक्यात. 40 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलंस तर हप्ता जवळपास 34,700 रुपये, आणि फेडून होईपर्यंत नुसतं व्याजच 43 लाखांवर जातं. हे आकडे दोघांनी बसून वहीत लिहा. मुद्रांक शुल्क सहा टक्क्यांच्या घरात येतं, ते नि नोंदणीचा खर्च सहसा कर्जात धरत नाहीत, रोखच लागतो. घर तुझ्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे, आणि सवलत नसती तरी मी तेच सांगितलं असतं. मातीच्या भिंतींच्या वाड्यावर बँका सहजी कर्ज देत नाहीत, ते विसार देण्याआधी विचार, नंतर नको.

म्हणून माझं सांगणं असं. यंदा काहीच घेऊ नका. अकरा महिने पेठेत भाड्याने राहा, म्हणजे एक पावसाळा, एक गणपती नि एक नवरात्र तुमच्या अंगावरून जाईल. कुठल्या गल्लीत उन्हाळ्यात नळाला धार येते, कुठलं गटार तुंबतं, कुठल्या घरातले भाऊ खरंच विकणार आहेत, हे तुम्हाला इथल्या ओट्यावर बसल्यावर कळेल. पेठेतली चांगली घरं जाहिरातीत येतच नाहीत. ती दूध आणताना, देवळातून येताना कानावर येतात, आणि तेव्हा आपण इथे असावं लागतं. मग कागद स्वच्छ असलेलं घर सापडलं तर घ्या. नाहीच सापडलं तर राजारामपुरीत किंवा रंकाळ्याच्या बाजूला, जिथून वहिनी चालत देवळात येऊ शकेल अशा अंतरावर बघू. त्याच्या पलीकडे नको.

आमच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे छोटा ओटा आहे. मालक बंगळुरूला असतात, भाडेकरू मेअखेर सोडतोय. गल्ली सगळ्यात अरुंद जागी साडेनऊ फूट भरली, मी काल मोजून आले. दादाला नेऊन दाखवलं, तो ओट्यावर बसला आणि लगेच उठेना. मालकांशी बोलले आहे, तुझ्या उत्तरापर्यंत ते दुसऱ्या कुणाला देणार नाहीत. एक किल्ली माझ्याकडे आहे. पंधरा तारखेच्या आत कळव.

तुझी,
आत्या