आज्ञावली कोठे ठेवावी?

संगणकावर नवी आज्ञावली बसविताना ती कोणत्या जागी ठेवावयाची, असा प्रश्न पडद्यावर उमटतो. आणि बहुतेक लोक सुचविलेली जागा न वाचताच मान्य करतात. एकट्याच्या संगणकापुरते हे बहुधा चालून जाते. परंतु तोच संगणक अनेकांच्या वापरात असेल, किंवा आज्ञावली प्रयोगशाळेच्या सामाईक सर्व्हरवर ठेवावयाची असेल, तर पुढील कित्येक महिन्यांचे काम ह्या एका उत्तरावर अवलंबून राहते.

हा प्रश्न जुनाच आहे. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत केन टॉम्प्सन व डेनिस रिची हे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 'युनिक्स' ही कार्यप्रणाली घडवीत होते. त्यांच्या पीडीपी-११ यंत्राची मूळ डिस्क अपुरी पडू लागली, तेव्हा काही आज्ञावल्या दुसऱ्या डिस्कवरील 'यूएसआर' ह्या विभागात हलविण्यात आल्या. मात्र दुसरी डिस्क जोडून घेणारी 'माउंट' ही आज्ञावली पहिल्या डिस्कवरच ठेवणे भाग होते. पेटीची किल्ली पेटीतच ठेवून कुलूप लावले, तर पेटी उघडावयाची कशी?

स्थान ठरविण्यापूर्वी एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. मूळ आज्ञावली क्वचितच बदलते व सर्वांना सारखीच असते. तिच्यावर निर्माण होणारी माहिती रोज बदलते आणि ती कोणाची तरी असते. म्हणूनच विंडोज प्रणालीत 'प्रोग्रॅम फाइल्स' ह्या विभागात लिहिण्यास व्यवस्थापकाचा अधिकार लागतो, तर प्रत्येकाची माहिती त्याच्या स्वतंत्र विभागात राहते.

हा भेद न पाळणाऱ्या जुन्या आज्ञावल्यांनी मोठा घोटाळा होऊ शकतो. समजा, एखाद्या दवाखान्यातील नोंदींची जुनी आज्ञावली आपली नोंदवही स्वतःच्याच फोल्डरात लिहिते. २००७ साली बाजारात आलेल्या 'व्हिस्टा'पासून विंडोज प्रणाली असे लेखन पुष्कळदा गुपचूप त्या त्या व्यक्तीच्या 'व्हर्च्युअल स्टोअर' नामक खाजगी विभागात वळविते. परिणामी सकाळच्या कारकुनाने केलेल्या नोंदी दुपारच्या कारकुनाला, तोच संगणक व तीच आज्ञावली असूनही, दिसत नाहीत. नोंदी नष्ट झालेल्या नसतात. पण रुग्ण समोर उभा असताना ह्या भेदाचा काय उपयोग? अशा आज्ञावलीची नोंदवही, सोय असल्यास, सर्वांना लिहिता येईल अशा वेगळ्या फोल्डरात ठेवावी.

आता सामाईक सर्व्हरचा विचार करू. तीस संगणकांवर तीस वेळा आज्ञावली बसविण्यापेक्षा एकदाच सर्व्हरवर ठेवावी, ही कल्पना मोहक आहे. जागा वाचते, सुधारणा एकाच ठिकाणी करावी लागते. किंमत मोजावी लागते ती वेळेत. सेकंदाला १०० मेगाबिट वाहून नेणाऱ्या जाळ्यातून जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट जातात; म्हणजे ५०० मेगाबाइट आणण्यास किमान ४० सेकंद हवेत. जाळे दसपट वेगवान केले, तरी सर्व अडचण सरत नाही. आज्ञावलीत ३,००० लहान फायली असतील, प्रत्येकीसाठी सर्व्हरकडे चार खेपा पडत असतील व प्रत्येक खेपेस एक सहस्रांश सेकंद लागत असेल, तर केवळ जाण्यायेण्यातच १२ सेकंद जातात. तारा कितीही रुंद केल्या, तरी हा वेळ कमी होत नाही.

ह्याहून गंभीर गोष्ट अशी की, आज्ञावली सुरू होताना सगळीच्या सगळी स्मृतीत येत नाही. तिचे भाग गरजेप्रमाणे आणले जातात. मध्येच जाळे तुटले, तर पुढचा भाग मिळत नाही आणि चालू काम जतन न होताच ती बंद पडू शकते. शिवाय विंडोजमध्ये चालू असलेल्या आज्ञावलीची फाइल बदलता येत नाही. तीस जणांपैकी एकानेही ती उघडी ठेवली, तर सुधारणा अडून बसते. ह्यावर साधा उपाय म्हणजे प्रत्येक आवृत्ती तिच्या क्रमांकाच्या नव्या फोल्डरात ठेवणे. जुनी आवृत्ती सर्वांनी सोडल्यावर मग काढून टाकावी.

जोडलेल्या ड्राइव्हला दिलेल्या अक्षरावरही फार विसंबू नये. ते अक्षर त्या व्यक्तीच्या प्रवेशापुरतेच असते. कोणी प्रवेश करण्यापूर्वीच पार्श्वभूमीवर चालू होणाऱ्या सेवेस ते दिसत नाही. तेथे सर्व्हरच्या नावासह पूर्ण पत्ता द्यावा, आणि त्या सेवेला तेथे वाचण्याचा अधिकार आहे की नाही, हेही पाहावे.

लहान, क्वचित लागणारी व अनेकांची अशी आज्ञावली सर्व्हरवर शोभते, पण तेथे इतरांना केवळ वाचण्याचाच अधिकार असावा. अवजड व रोजच्या वापरातील आज्ञावली ज्याच्या त्याच्या संगणकावरच बरी. आणि जाळे दुरुस्त करण्याची साधने, 'माउंट'प्रमाणेच, जाळ्यापलीकडे कधीही ठेवू नयेत.