शुद्ध वाण, निरोगी वाण

वर्धा, नागपूर व छिंदवाडा हे गवळाऊ गोवंशाचे माहेर. वाण शुद्ध राखावा हे खरे. परंतु एकाच वळूची संतती आपसांत फळू लागली, म्हणजे सुप्त दोष उघडे पडतात. होल्स्टीन जातीत ऑस्बोर्नडेल आयव्हनहो ह्या नामांकित वळूच्या वंशातून ‘ब्लॅड’ हा विकार देशोदेशी पसरला. त्याने वासराची रोगप्रतिकारशक्ती लुळी पडते. वाहक वळू दिसतो धडधाकट. पण गायही वाहक असल्यास सरासरी ४ वासरांपैकी १ रोगी निपजते. १९९२ साली ह्या विकाराचे जनुकीय मूळ सापडले. आता रक्ततपासणीने वाहक ओळखता येतो. विद्यार्थी मित्रहो, गवळाऊ जनावरे घटत चालली आहेत. जेथे कळप लहान, तेथे हा धोका मोठा. म्हणून वळूचे केवळ रूप न पाहता वंशावळही विचारावी, असे आम्ही सुचवितो.