वेल्डिंग शिकायचे ते कुठे आणि कसे?

दहावीच्या निकालानंतर ज्या घरांत आयटीआयचा विषय निघतो, तेथे वेल्डरचा व्यवसाय बहुधा पसंतीच्या यादीत तळाशी असतो. डोळे जातील, अंग भाजेल, कष्टाच्या मानाने प्रतिष्ठा कमी, हे पालकांचे आक्षेप ठरलेले असतात. त्यांतील पहिले दोन निराधार नाहीत, मात्र ते व्यवसायापेक्षा तो शिकण्याच्या एका रूढ पद्धतीला अधिक लागू पडतात. फॅब्रिकेशनच्या दुकानात हेल्पर म्हणून लागून, उस्तादाच्या शेजारी उघड्या डोळ्यांनी उभे राहत हात बसवणारा मुलगा आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत क्रमाने शिकणारा प्रशिक्षणार्थी यांच्या वाट्याला येणारी जोखीम सारखी नसते. संस्थेतील ‘संधाता’ हा अभ्यासक्रम एक वर्षाचा असून त्याला आठवी उत्तीर्ण विद्यार्थ्यालाही प्रवेश मिळतो, आणि त्यानंतर १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली विद्यावेतनासह कारखान्यात शिकण्याची वाट मोकळी असते.

या व्यवसायातील तीन मूलभूत क्रिया दिसायला सारख्या असल्या तरी त्यांमागील तत्त्वे निराळी आहेत. वेल्डिंगमध्ये जोडायचे दोन्ही तुकडे सांध्यापाशी वितळून एकजीव होतात. पोलाद १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि विजेच्या आर्कचे तापमान सुमारे ६००० अंश असल्याने हे क्षणार्धात घडते. ब्रेझिंगमध्ये मूळ धातू वितळतच नाही. ४५० अंशांच्या वर वितळणारी भरण-धातूची सळई तापलेल्या सांध्याला लावली की तिचा रस केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद फटीत द्रव आपोआप ओढला जाण्याच्या गुणाने, आत शिरतो, आणि म्हणूनच फ्रिज किंवा एसीच्या तांब्याच्या नळ्या जोडताना फट अरुंद व पृष्ठभाग स्वच्छ असणे हे ज्योतीच्या जोरापेक्षा महत्त्वाचे ठरते. गॅसकटिंगबाबत तर बहुतेकांचा गैरसमज असतो. तेथे ज्योत लोखंड कापत नाही, ती ते फक्त लालबुंद करते. मग सोडलेल्या शुद्ध ऑक्सिजनच्या झोतात लोखंड अक्षरशः जळते आणि तयार झालेले ऑक्साइड झोताबरोबर उडून जाते. स्टेनलेस स्टील किंवा ॲल्युमिनिअम या रीतीने कापता येत नाही, त्यासाठी प्लाझ्मा कटिंग वापरावे लागते, याचे कारणही येथेच सापडते.

सुरक्षिततेचे नियमही अशाच कारणांतून आलेले आहेत, आणि ते कारणांसह शिकवले तरच अंगवळणी पडतात. ऑक्सिजनचा सिलिंडर काळा व त्याची नळी निळी, तर ॲसिटिलीनचा सिलिंडर मरून व नळी लाल असते. शिवाय ॲसिटिलीनच्या जोडणीचे आटे उलटे, म्हणजे डावे असतात व तिच्या नटावर खाचा पाडलेल्या असतात, जेणेकरून अंधारात किंवा घाईत चुकीची नळी बसूच नये. ॲसिटिलीन मोकळ्या स्थितीत दाबाखाली अस्थिर होत असल्याने ते सिलिंडरमधील सच्छिद्र भरावात मुरवलेल्या ॲसिटोनमध्ये विरघळवून साठवतात. सिलिंडर आडवा ठेवून वापरल्यास ॲसिटोन बाहेर येते. या वायूसाठी तांब्याची नळी कधीही वापरत नाहीत, कारण त्यातून स्फोटक संयुग तयार होते. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा वा ग्रीसचा हात लावणे हेही निषिद्ध, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ग्रीस स्वतःहून पेट घेऊ शकते. गंजलेल्या आट्यांना तेल सोडण्याची आपल्याकडील सवय येथे जिवावर बेतते. रिकाम्या दिसणाऱ्या तेलाच्या किंवा रसायनाच्या पिंपाला ज्योत लावण्याबाबतही तेच म्हणावे लागेल.

डोळ्यांना त्रास होतो तो आर्कमधील अतिनील किरणांमुळे. त्यांनी बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला इजा होते, परंतु वेदना काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारख्या सुरू होतात. त्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवण्यापेक्षा मुळात १० ते १२ क्रमांकाची काळी काच वापरणे आणि शेजारी उभ्या असलेल्या मदतनिसालाही ती देणे हाच खरा उपाय होय. गॅसकामाला मात्र ५ क्रमांकाच्या आसपासची फिकट काच पुरते. धुराकडे त्याहूनही कमी लक्ष दिले जाते. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर काम केल्यास त्याच्या धुराने थंडी-ताप भरतो, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला कर्करोगकारक ठरवले आहे. त्यामुळे धूर ओढून घेणारी व्यवस्था ही चैन नव्हे.

प्रतिष्ठेच्या आक्षेपाचे उत्तर कौशल्याच्या पायऱ्यांत आहे. सपाट पाटीवर सांधा मारणे सर्वांत सोपे; उभा व डोक्यावरचा सांधा अवघड; आणि ४५ अंशांत तिरका, न फिरवता बांधलेला पाइप सर्व बाजूंनी जोडण्याची ६जी चाचणी उत्तीर्ण झालेल्याला पाइपलाइन, बॉयलर व जहाजबांधणीच्या कामांत मागणी असते. मुंबईतील माझगाव डॉकसारखी गोदी वेल्डर व्यवसायासाठी शिकाऊ उमेदवार घेते.

पालकांनी संस्थेचे माहितीपत्रक वाचून निर्णय घेऊ नये, तर कामाच्या दिवशी कार्यशाळेत जाऊन उभे राहावे. सिलिंडर साखळीने उभे बांधलेले आहेत काय, प्रत्येक नळीला ज्योत मागे फिरू न देणारा फ्लॅशबॅक अरेस्टर आहे काय, मुलांच्या अंगात सुती कपडे व पायांत चामडी बूट आहेत काय, सांध्यावरचा स्लॅग, म्हणजे मळीचा थर, ठोकून काढताना पारदर्शक चष्मा डोळ्यांवर असतो काय, एवढे पाहावे; आणि यांतील दोन गोष्टी जरी नसल्या, तरी प्रवेश अर्जात दुसऱ्या संस्थेचे नाव वर घालावे.