जुने फोर्कलिफ्ट : खरेदीपूर्वीची तपासणी व दुरुस्ती

द्राक्षे, डाळिंबे, केळी या फळांची प्रतवारी, पूर्वशीतकरण व साठवण शिवारानजीकच व्हावी, या हेतूने महाराष्ट्रात अनेक सहकारी संस्थांनी व उत्पादक कंपन्यांनी स्वतःची पॅकिंगगृहे व शीतगृहे उभारली आहेत. पेट्यांची थप्पी पॅलेटवर रचल्यानंतर ती उचलून गाडीत भरण्यास फोर्कलिफ्ट लागते. नव्या यंत्राची किंमत लहान संस्थेस झेपत नाही व कारखान्यांतून निघालेली जुनी यंत्रे स्वस्तात मिळतात. अशी खरेदी डोळसपणे केल्यास ती लाभदायक ठरते. केवळ रंग व किंमत पाहून केल्यास सभासदांचा पैसा तर बुडतोच, परंतु कामगाराच्या जिवासही धोका पोहोचतो. यास्तव यंत्राची परीक्षा कशी करावी व कोणत्या दुरुस्तीस प्राधान्य द्यावे, याचे विवेचन येथे केले आहे.

यंत्राचे तत्त्व

फोर्कलिफ्ट म्हणजे चाकांवर बसविलेली तरफ होय. पुढील चाकांचा आस हा तिचा टेकू. टेकूच्या पुढे काट्यांवरील माल असतो व मागे इंजिन आणि बिडाचा जड प्रतिभार असतो. मालाचा जोर प्रतिभाराच्या जोरापेक्षा वाढला की मागील चाके उचलली जातात. वळण मागील चाकांनीच घेतले जात असल्यामुळे ती हलकी होताच यंत्र चालकाच्या ताब्यात राहत नाही.

यंत्राची क्षमता त्याच्या पाटीवर लिहिलेली असते. तीत वजनाबरोबर अंतरही दिलेले असते व ते वाचण्यास विसरू नये. ‘१५०० किलो, ५०० मिलिमीटर’ याचा अर्थ मालाचा गुरुत्वमध्य काट्यांच्या उभ्या बाजूपासून ५०० मिलिमीटरवर असेल तरच १५०० किलो उचलावेत. १२०० मिलिमीटर लांबीचा पॅलेट लांबीच्या दिशेने उचलला तर मध्य ६०० मिलिमीटरवर जातो. समजा, आसापासून काट्यांच्या उभ्या बाजूपर्यंतचे अंतर ४०० मिलिमीटर आहे. मूळचे एकूण अंतर ९०० होते, ते आता १००० झाले. म्हणून १५०० ला ९०० ने गुणून १००० ने भागल्यास १३५० किलो येतात. हा हिशेब कल्पना येण्यापुरता आहे. अंतिम प्रमाण पाटीवरील तक्त्याचेच मानावे. उंच उचलण्यासाठी क्षमता आणखी कमी दिलेली असल्यास तीच पाळावी.

पाटी नसलेले यंत्र शक्यतो घेऊ नये. घेतलेच तर उत्पादकाकडून पाटी मिळवून ती बसविल्याशिवाय ते कामास लावू नये.

डिझेल की विजेरी?

उघड्या आवारात व खडबडीत जमिनीवर डिझेलचे यंत्र उपयुक्त ठरते. बंद शीतगृहात मात्र ते चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड कामगारांस घातक असतो. त्याच धुरात एथिलीन वायूचाही अंश असतो व त्यामुळे साठवणीतील केळीसारखी फळे अकाली पिकू लागतात. म्हणून शीतगृहासाठी विजेरीवर चालणारे यंत्र योग्य होय.

विजेरीच्या यंत्रात विजेरी हाही प्रतिभाराचा भाग असतो. पाटीवर तिचे किमान वजन दिलेले असते. पैसे वाचविण्यासाठी हलकी विजेरी बसविल्यास यंत्राची क्षमता घटते. ४८ व्होल्टच्या शिसे-आम्ल विजेरीत २ व्होल्टचे २४ घट असतात. विजेरी पूर्ण भारित करून प्रत्येक घटाची घनता हायड्रोमीटरने मोजावी. ती साधारण १.२८ च्या आसपास यावी. एखाद-दुसऱ्या घटात ती बरीच कमी आढळल्यास तेवढे घट बदलता येतील. बहुतेक घट दुर्बल असतील तर नव्या विजेरीचा खर्च यंत्राच्या किमतीत धरूनच सौदा करावा.

खरेदीपूर्वीची तपासणी

१. काटे. काटा सर्वांत जास्त झिजतो तो टाचेशी, म्हणजे उभा भाग जेथे आडवा होतो तेथे. उभ्या भागाची जाडी सहसा झिजत नाही. ती कॅलिपरने मोजून टाचेच्या जाडीशी ताडावी. ३५ मिलिमीटरचा काटा ३१.५ मिलिमीटरवर आला म्हणजे दहा टक्के झीज झाली. काट्याचे बळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे दहा टक्के झिजेने ते सुमारे वीस टक्क्यांनी घटते. असा काटा बाद समजावा. टाचेवरील तडा शोधण्यासाठी ती जागा स्वच्छ करून रॉकेल लावावे, काही वेळाने पुसावे व वर खडू फासावा. तडा असल्यास खडूवर ओली रेघ उमटते. काट्यावर वेल्डिंग केल्याच्या अथवा भोक पाडल्याच्या खुणा दिसल्यास तो काटा घेऊ नये.

२. साखळ्या. कप्पीवरून जाणारा भाग अधिक झिजतो व टोकाचा भाग जवळजवळ मूळचाच राहतो. दोन्ही ठिकाणी सारख्याच कड्या मोजून लांबी ताडून पाहावी. टोकाकडील २० कड्यांची लांबी ३८१ मिलिमीटर व मधल्या २० कड्यांची ३९२ मिलिमीटर भरली, तर साखळी जवळजवळ तीन टक्के लांबली असे समजावे. ही तिची शेवटची मर्यादा होय. साखळ्या नेहमी जोडीनेच बदलाव्यात. तुटलेली साखळी जोडून पुन्हा वापरू नये.

३. हायड्रॉलिक यंत्रणा. क्षमतेइतके वजन सुमारे एक मीटर उंच उचलून इंजिन बंद करावे आणि दहा मिनिटे थांबून उंची पुन्हा मोजावी. या वेळी जवळपास कोणीही उभे राहू नये. काटे १०० मिलिमीटरपेक्षा अधिक खाली आल्यास सिलिंडरमध्ये किंवा व्हॉल्व्हमध्ये गळती आहे असे निश्चित होते.

४. इंजिन. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवलेले नसावे. थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करवावे. निळा धूर तेल जळत असल्याचे दर्शवितो. काळा धूर हवेची कमतरता किंवा इंधनाच्या पिचकारीतील दोष सुचवितो. इंजिन तापल्यानंतरही पांढरा धूर टिकून राहिल्यास शीतकाचे पाणी आत शिरत असण्याचा संभव असतो.

५. ब्रेक, सुकाणू व टायर. पायाचा ब्रेक व हातब्रेक दोन्ही चालवून पाहावेत. सुकाणूत ढिलाई असल्यास मागील आसाच्या खिळ्या व बेअरिंगे झिजलेली असतात.

६. कागदपत्रे. पाटीवरील अनुक्रमांक सांगाड्यावर ठोकलेल्या क्रमांकाशी जुळवावा. मूळ पावती व यंत्रावर कर्ज नसल्याचा दाखला घ्यावा. यंत्र सार्वजनिक रस्त्यावर न्यावयाचे असल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयात आधी विचारणा करावी.

दुरुस्तीचा क्रम

इंजिन गुळगुळीत चालू लागले की यंत्र दुरुस्त झाले, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. प्रथम ब्रेक, सुकाणू, काटे व साखळ्या, नंतर हायड्रॉलिक यंत्रणा, त्यानंतर इंजिन व अखेरीस रंग, हा क्रम पाळावा.

सिलिंडर गळत असल्यास केवळ सील बदलून भागत नाही. दांड्यावरील चकाकणाऱ्या थरास ओरखडे असतील तर नवे सीलही थोड्याच दिवसांत कापले जाते. आधी दांडा दुरुस्त करावा किंवा बदलावा. त्याच वेळी टाकी धुवावी व तेल आणि गाळणीही बदलावी.

काम सुरू करण्यापूर्वी काटे जमिनीवर टेकवावेत, इंजिन बंद करावे व दांडे पुढे-मागे करून नळ्यांतील दाब उतरवावा. उचललेल्या काट्यांखाली कोणीही जाऊ नये. वरच्या स्थितीत काम करणे अपरिहार्य असल्यास मजबूत ओंडक्यांचा भक्कम आधार द्यावा. गळती हाताने चाचपू नये. दाबाखालील तेलाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते व लहान दिसणारी जखमही हात गमावण्यास कारण होते. गळती शोधण्यास पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा. तेल कातडीत शिरल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

खर्चाचा हिशेब

समजा, यंत्र ३,५०,००० रुपयांस मिळते, वाहतुकीस २०,००० लागतात, दुरुस्तीस १,१०,००० लागतात व अनपेक्षित खर्चासाठी ४०,००० राखून ठेवावे लागतात. एकूण ५,२०,००० रुपये झाले. यंत्र चार हंगाम चालणार असेल तर प्रत्येक हंगामास १,३०,००० रुपये पडतात. चालकाचे वेतन व इंधन वेगळे. एका हंगामासाठी असे यंत्र भाड्याने काय पडते ते विचारून या आकड्याशी ताडावे. भाडे कमी पडत असेल तर भाड्यानेच घेणे शहाणपणाचे होय. येथील आकडे रीत दाखविण्यापुरते आहेत. संस्थेने आपल्या भागातील प्रत्यक्ष दर घ्यावेत.

चालविताना घ्यावयाची काळजी

जड माल उचलताना मागील चाके उठू लागली तर प्रतिभारावर दोन-तीन माणसे उभी करण्याची वाईट प्रथा काही ठिकाणी दिसते. ती तत्काळ बंद करावी. मागील चाके उठली म्हणजे माल जास्त आहे, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा व माल कमी करावा. चालताना काटे जमिनीपासून सुमारे १५ ते २० सेंटिमीटर उंच व किंचित मागे कललेले ठेवावेत. उतारावर भरलेल्या यंत्राचा माल नेहमी चढाच्या बाजूस असावा. काट्यांवर माणूस उचलू नये. यंत्र कलंडू लागल्यास चालकाने बाहेर उडी मारू नये. पट्टा बांधलेला ठेवून आसनावरच घट्ट धरून बसावे, कारण उडी मारणारा यंत्राखाली सापडतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी वरील तपासणीचा तक्ता करून संस्थेच्या सभेत वाचून दाखवावा. यंत्र पाहण्यास जाताना जाणता फिटर, कॅलिपर व मोजपट्टी बरोबर न्यावी. फिटरची मजुरी हा वायफळ खर्च समजू नये. सदोष यंत्र वेळीच नाकारले गेले तर त्या मजुरीच्या अनेकपट रक्कम वाचते आणि ऐन हंगामात तोडलेला माल दारात पडून राहण्याची आपत्ती टळते.